तांबड्या रेघेवरची झुलिखा

झुलिखाला ओरान शहरात कुणी गोड म्हटल्याचं ऐकिवात नाही. एल हम्री मोहल्ल्यातला भाजीवाला तिला लांबून पाहिलं की सडके टोमॅटो स्वतःच बाजूला काढायचा. नाही काढले, तर ती काढणार आणि शेजारच्या गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरणार, हे त्याला अनुभवाने कळलं होतं. तिनं लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "ऐकावंसं वाटेल असं कुणी बोललंच नाही." वय साठीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, कान मात्र मांजरीचे. त्या कानांवरच तिचं पोट होतं.

लाख्दारच्या स्टुडिओत ती मिक्सिंग करायची. गवयाचा गळा, सिंथेसायझर, ड्रम मशीन, टाळ्या, सगळं सुटं सुटं नोंदवलेलं असतं. ते एकत्र बसवून त्याचं गाणं करायचं, हे तिचं काम. स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं चपलांचं दुकान. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या आणि पावसाळी हवेत अजून चामड्याचा वास यायचा. पण खिडकीपाशी तिची खुर्ची होती, आणि त्या खुर्चीत तिच्याशिवाय कुणी बसत नसे. एकदा लाख्दारचा मेहुणा बसला होता. "ऊठ," ती म्हणाली, "तुझ्या बुडाला अजून काही ऐकू येत नाही."

असल्या बाईला शत्रूंची वाण कशी पडेल? पण त्यांच्यात खरा, जपून ठेवलेला, रोज पाणी घातलेला शत्रू एकच. बेनउमर.

बेनउमर सिंथ वाजवायचा. ओरानच्या लग्नांत ज्यांवर नाचतात ती राई गाणी. त्यातली निम्मी त्याच्या बोटांखालून गेलेली. त्याचा सिंथ कसला तर जुनापुराणा, एक पट्टी तुटलेली, पण दोन सुरांमधला पाव स्वर काढायला खास खोलून घेतलेला. सोबत एक ड्रम मशीन, तिच्या बटणांवरची अक्षरं पुसून गेलेली. कॅसेटच्या जमान्यात त्याच्या वाजवण्याची मोठी हवा होती. तो आवाज गरम होता, जाड होता, मिरची थेट विस्तवावर भाजल्यावर सुटणाऱ्या वासासारखा घरभर पसरणारा. लोक म्हणत, बेनउमरच्या बोटांत निखारे आहेत. बेनउमरलाही ते पटलेलं होतं. असल्या गोष्टी माणसाला फार लवकर पटतात.

त्या कॅसेटी निघायच्या मदीना ज्दीदाच्या बाजारात, झुलिखाचा बाप बाशीर याच्या दुकानातून. एका कॅसेटच्या ढीगभर नकला काढायची मशीन होती तिथे, आणि शाळा सुटली की झुलिखा त्या मशीनपाशी. बाशीर आवाजाचा काटा मुद्दाम तांबड्या रेघेपलीकडे ढकलायचा. टेपला पेलवेल त्याहून थोडा जास्त आवाज दिला की टेप त्याचे टोकदार काठ दाबून बसवते, आणि मूळ स्वराच्या डोक्यावर आपली बारीक बारीक पिलं सोडते. कानाला ती वेगळी कळत नाहीत. नुसतं वाटतं, आवाज भरला. निखारे ते होते. बोटांत नव्हते, टेपमध्ये होते.

हे झुलिखाला ठाऊक होतं आणि ती गप्प बसली असती तर बरं झालं असतं. पण बेनउमरचा सत्कार झाला, फुलं झाली, भाषणं झाली, आणि तो माईकवर म्हणाला की हा आवाज मी आईच्या पोटातून घेऊन आलो. झुलिखा तिसऱ्या रांगेतून म्हणाली, "आईच्या नाही, माझ्या बापाच्या मशीनच्या पोटातून." लोक हसले. झालं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नसत. एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर बसून, लाख्दारच्या तोंडून बोलत.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर शेब झुबीर नावाचा गवई नवं गाणं घेऊन आला. लग्नांचा मोसम अंगावर आलेला. लाख्दारनं आधीच झुलिखाला बाहेर घेऊन सांगितलं.

"खाल्ती," तो म्हणाला. खाल्ती म्हणजे मावशी. घाबरला की तो तिला मावशी करायचा. "बेनउमर या वेळी नाराज झाला तर झुबीरला घेऊन दुसरीकडे जाणार आहे. तो गेला की सगळे जातील. मग मला दुसरा माणूस बसवावा लागेल तुझ्या जागी."

"कोण? तुझा मेहुणा?"

"तो शिकलाय आता."

"काय शिकलाय? उठायला?"

लाख्दारनं मान खाली घातली. म्हणजे ठरलंच होतं. गाणं बसलं तर खुर्ची, नाही तर घरी बसून भिंतीकडे बघायचं. बाशीरच्या मरणानंतर घरात तिच्या कानांना ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं, फ्रिजची घरघर सोडून.

बेनउमर आला तो रागातच आला. सिंथ टेबलावर आपटला, तारा जोडल्या, आणि सिंथचा आवाज पूर्ण वर, ड्रम मशीनचाही पूर्ण वर. झुलिखाच्या पडद्यावर आवाजाचे सगळे पट्टे तांबडे झाले.

"त्याला सांग," ती लाख्दारला म्हणाली, "आवाज निम्म्यावर आण."

"तिला सांग," बेनउमर म्हणाला, "तिचा बाप काटा तांबड्यात ठेवायचा. तीच सांगत फिरते ना गावभर?"

"त्याला सांग, ती टेप होती. टेपचं छत कापडाचं असतं, डोकं आपटलं तर ताणलं जातं. हा कॉम्प्युटर आहे. याचं छत सिमेंटचं. डोकं फुटतं आणि फुटलेलं पुन्हा सांधता येत नाही. मला कच्चा आवाज दे म्हणावं, कमी आणि स्वच्छ. भाजायचं काम मी मागाहून करते."

"कशानं भाजणार? चूल कुठाय?"

झुलिखानं पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर सॅच्युरेशनच्या प्लगिनचं चित्र होतं. जुन्या टेप मशीनचं चित्र, त्यावर खोटे काटे, खोटी बटणं. टेप जे करायची ते हा प्रोग्रॅम हिशेबानं करतो. तिनं असले बरेच जमवले होते: एक टेपसारखा, एक जुन्या दिव्याच्या अ‍ॅम्प्लिफायरसारखा, एक नुसता खरवडणारा.

बेनउमरनं वाकून पाहिलं आणि मग पोट धरून हसला. "लाख्दार, अरे हिनं चुलीचा फोटो लावलाय! उद्या कोंबडीचा फोटो लावेल आणि म्हणेल जेवा!"

लाख्दारही हसला आणि लगेच हसायचा थांबला.

शेवटी भ्याड माणसं काढतात तसा तोडगा लाख्दारनं काढला. दोनदा वाजव. एकदा तुझ्या मनासारखं, पूर्ण वर. एकदा तिच्या मनासारखं, खाली. बेनउमरनं तिच्या मनासारखं वाजवलं ते असं, की जणू कुणाच्या मयताला आलाय. तो तुकडा कच्चा लावला तेव्हा खरंच दवाखान्यातल्या जेवणासारखा लागला: सगळं शिजलेलं, मीठ कशातच नाही.

"हे ऐकलंस?" बेनउमर म्हणाला. "हे तिचं स्वच्छ. यावर नवरी नाचेल का नर्स?"

झुलिखानं दार लावून घेतलं आणि कामाला बसली.

आता तिला एका गोष्टीची दाद द्यायलाच हवी. ती आंधळेपणानं बटणं फिरवणारी नव्हती. आवाज भाजला की तो मोठाही होतो, आणि मोठं ते माणसाला चांगलं वाटतं. पोरंसोरं तिथेच फसतात. ती आधी जोर वाढवायची, मग बाहेर पडणारा आवाज तेवढाच खाली आणून कच्च्याच्या बरोबरीला बसवायची, आणि डोळे मिटून प्लगिन चालू-बंद, चालू-बंद करायची. बरोबरीच्या आवाजातही चालू असलेलं बरं वाटलं, तरच ठेवायचं. ड्रम मशीनच्या ढोलावर तिनं टेपसारखा लावला. कोरड्या ठोक्याला पोट आलं. टाळ्यांवर खरवडणारा, अगदी चिमूटभर. सिंथच्या सुरावर दिव्याचा, आणि खालच्या जाड सुरावर पुन्हा टेपचा, म्हणजे फोनच्या टिचभर स्पीकरवरही तो ऐकू यावा. एकेक आवाज सुटा ऐकला तर जीव लावावा असा. मग सगळ्यावर मिळून आणखी एक हलका हात फिरवला.

आणि मग तिला बाशीरचं दुकान ऐकू आलं. तोच आवाज. तीच ऊब. ती खुर्चीत मागे रेलली आणि तिनं तिथेच चूक केली, कारण त्यानंतर ती गाणं ऐकतच नव्हती, बापाला ऐकत होती.

बेनउमरचा तांबडा तुकडा तिनं जसाच्या तसा ठेवला, फक्त झुबीरच्या गळ्याशी जुळवला. त्यात तिला काही करायचं नव्हतं. डोकी फुटलेल्या आवाजाला काय मलम लावणार?

कुठलं गाणं चालणार, हे ओरानमध्ये स्टुडिओत ठरत नाही. पुरुषांच्या बाजूलाही ठरत नाही. ते खुर्च्यांवर बसून सिगारेटी ओढतात आणि मान डोलावतात, त्यांना कशावरही डोलावता येते. ठरतं ते बायकांच्या दालनात. नवरी एकामागून एक पोशाख बदलून येते, दर पोशाखाला बायका उठतात, आणि कुठल्या गाण्याला उठल्या नि कुठल्या गाण्याला बसून राहिल्या ते दुसऱ्या दिवशी गावभर होतं. त्या दालनात पुरुषाला पाऊल टाकता येत नाही. दारातच एक धिप्पाड म्हातारी टोपली घेऊन बसते आणि येणारीचा फोन काढून घेते, म्हणजे फोटो नकोत, काही नोंदवणं नको. वाजवणारीही बाईच.

झुबीरच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. गाणं त्या लग्नातच दुपारी लावून बघायचं ठरलं. दोन्ही तुकडे घेऊन आत जाणार कोण? लाख्दारनं सगळीकडे पाहिलं. बेनउमरनंही पाहिलं. खोलीत बाई एकच होती.

"वा," बेनउमर म्हणाला. "न्यायाधीश पण तीच, फिर्यादी पण तीच. तिला सांग, मी फाटकाशीच उभा राहीन."

"त्याला सांग, ऊन फार आहे, टोपी घाल. आतलं आधीच वितळलंय."

दालनात तिनं पेनड्राइव्ह यमीनाच्या हातात दिला. यमीना ही तिथली गाणी लावणारी, सोनेरी दाताची, बोलायला तिखट. "खाल्ती, माझे स्पीकर म्हातारे आहेत हं," ती म्हणाली. "तुझ्या स्टुडिओतले नखरे त्यांना चालत नाहीत. फाटेस्तोवर वाजवते तेव्हा कुठे मागच्या रांगेला कळतं."

झुलिखानं लक्ष दिलं नाही. ती भिंतीशी उभी राहिली. बायका मणी-टिकल्यांच्या पायघोळ बलूझात घामानं चमकत होत्या, ताटांत खजुराचे गोड मक्रूट होते, पोरी किंचाळत होत्या. नवरी हिरव्या पोशाखात आली आणि यमीनानं झुलिखाचा तुकडा लावला.

पहिल्या ठोक्याला बायका उठल्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत हालचाल मंद झाली. काय होतंय ते झुलिखाला बायकांच्या आधी कळलं. ढोल गेला. होता, पण चिखलात पडलेल्या चेंडूसारखा. पडतो, उसळत नाही. यमीनाचे कर्णे स्वतःच तापून फाटत होते, ते आपल्या परीनं सगळं भाजत होते. त्यात झुलिखानं ढोल भाजलेला, टाळ्या भाजलेल्या, सिंथ भाजलेला, आणि सगळं मिळून परत भाजलेलं. प्रत्येकानं आपली पिलं सोडलेली; आता खोलीभर नुसती पिलंच, आई कुठली ते कळेना. एक लठ्ठ बाई नाचता नाचता थांबली, पाय कुठे टाकावा ते न कळल्यासारखी, आणि बसून तिनं मक्रूट उचलला. मग दुसरी बसली. मग रांगच.

नवरी पोशाख बदलायला गेली. परतली तेव्हा यमीनानं बेनउमरचा तुकडा लावला.

तो आवाज घाणेरडा होता. पत्र्यावर खिळा ओढावा तसा सिंथ. दोन-तीन पोरींनी कानावर हात ठेवले. पण ढोल होता. फुटक्या डोक्याचा, कडक, उघडा. प्रत्येक ठोका जमिनीला लागून परत येत होता. कानावर हात ठेवूनच पोरी उठल्या. लठ्ठ बाई मक्रूट तोंडात कोंबून उठली. नवरीची आजी दोघींच्या आधारानं उठली आणि कंबर हलवायला लागली, आणि साऱ्या दालनानं जीभ हलवत असा किलकिलाट केला की बाहेर फाटकापर्यंत गेला असणार.

दालनापासून फाटकापर्यंत एक लांब, थंड बोळ आहे. झुलिखा त्यात मध्यावर थांबली. फोन टोपलीत होते. कुणी काही नोंदवलं नव्हतं. कुठला तुकडा कुणाचा हे यमीनालाही ठाऊक नव्हतं. किलकिलाट झाला तो कुठल्या तुकड्याला, हे बाहेरच्या एकाही पुरुषाला सांगता आलं नसतं. एक वाक्य, आणि खुर्ची तिची. बेनउमरनं आयुष्यभर तेच केलं नव्हतं का? दुसऱ्याचा निखारा स्वतःच्या बोटांत सांगितला होता.

पण खोटं ऐकलं की तिच्या कानाला सुरातली चूक ऐकल्यासारखं व्हायचं, ते स्वतःचं असलं तरी. हा सद्गुण नव्हे. ही खोड आहे, आणि खोड माणसाला बुडवते.

बेनउमर फाटकापाशी रुमाल डोक्यावर टाकून उभा होता. लाख्दार कुठे दिसेना, मध्ये बोलायला कुणी नव्हतं.

"तुझ्यावर नाचल्या," ती म्हणाली. "माझ्यावर बसल्या."

बेनउमरनं रुमाल डोक्यावरून काढला. "काय डाव आहे?"

"डाव नाही."

"मग हे काय आहे? मला खूश करून खुर्ची वाचवतेस?"

"तुला खूश करायला मला अजून अल्लानं वेड लावलेलं नाही. अर्धंच सांगितलंय, उरलेलं ऐक. तुझा सिंथ पत्रा वाजतो. पोरी कान झाकून नाचत होत्या."

"कान झाकून कुणी नाचतं का?"

"त्या नाचत होत्या."

"म्हणजे नाचत होत्या," बेनउमर म्हणाला आणि छाती काढून सिगारेट पेटवली. त्याला हवं तेवढंच त्यानं ऐकलं. कॅसेटच्या जमान्यापासून तेवढंच ऐकत आला होता.

स्टुडिओत परतल्यावर तिनं तेच लाख्दारला सांगितलं, एक शब्द न बदलता. लाख्दारच्या तोंडावर आधी आश्चर्य आलं, मग सुटका. त्यानं घसा साफ केला.

"मग खाल्ती, तूच बघ... तूच म्हणतेस की तुझं काम..."

"बोल ना. अडलं काय?"

"मेहुणा उद्यापासून येईल म्हणाला होता."

झुलिखानं चष्मा काढला, डबीत ठेवला. डबी पिशवीत टाकली. आणि तेव्हा कोपऱ्यातून बेनउमर खेकसला.

"मेहुणा बायकांच्या दालनात जाणार का?"

लाख्दार गोंधळला. "तो कसा जाईल?"

"मग मला आतलं सांगणार कोण?"

"माझी बायको सांगेल की."

"तुझी बायको! तिला भांडं पडलं तरी छान वाजलं वाटतं. तिनं तुझ्याशी लग्न केलं, यावरूनच कळतं." बेनउमर उठला. "मला ही बाई नको आहे. हिचं तोंड बघितलं की माझं पित्त खवळतं. हिनं भर सभेत माझं नाक कापलंय, आणि कापलेलं मी विसरणार नाही, मेलो तरी नाही. पण आज ही स्वतःच्या गळ्याला सुरी लावून खरं बोलली. असला दुसरा माणूस ओरानमध्ये मला दाखव, मी त्याला बसवतो. नाही? मग तुझ्या मेहुण्याला चपला विकायला सांग, दुकान त्याच कामाचं होतं."

लाख्दारनं झुलिखाकडे पाहिलं, की निदान आता तरी ही आभार मानेल. तिनं चष्मा परत काढला आणि नाकावर चढवला.

"मला पुन्हा वाजवून हवंय," ती म्हणाली. "खालच्या आवाजात. आणि मयताला आल्यासारखं नको."

"तांबड्यातच वाजवीन! त्यावरच नाचल्या!"

"ढोलावर नाचल्या. तुझ्या पत्र्यावर नाही. ढोल मी उघडाच ठेवते, त्याला हात लावत नाही. तिथले कर्णे त्याला पुरेसे भाजतात. टाळ्याही कच्च्या. सगळ्यावरचं शेवटचं काढून टाकते. फक्त तुझ्या सिंथच्या मधल्या सुराला दिव्याचा प्लगिन, आणि तोही निम्मा कच्च्यात मिसळून. म्हणजे कान झाकावे लागणार नाहीत."

"निम्मा? मला पाव हवा."

"ऐकल्याशिवाय पाव कसा?"

"तू तिथल्या कर्ण्यांवर ऐकल्याशिवायच चारचार लावले होतेस."

ते लागलं. तिनं पडदा स्वतःकडे ओढला. बेनउमरनं सिंथचं बटण खाली आणलं, शिव्या देत, एकेक शिवी जणू त्या बटणालाच. पट्टे हिरवे झाले. तो वाजवायला लागला आणि या वेळी रागात वाजवलं, चांगलं वाजवलं.

नंतर ती चालू-बंद करत बसली. बेनउमर खुर्चीमागे उभा, सिगारेटचा धूर तिच्या केसांत सोडत.

"जास्त आहे."

"नाही."

"काढ थोडं. खरपूस लागतंय."

तिनं डोळे मिटले, ऐकलं, आणि बटण किंचित मागे घेतलं. तो सांगत होता तितकं नव्हे.

"आणखी."

"तू बाहेर जा."

"हा माझा आवाज आहे!"

"तुझा नाही," झुलिखा म्हणाली, "माझ्या बापाचाही नाही. मागे हो, मला ऐकू येत नाहीये."